पाव सेकंदाची भूमिती : गोल्फचा स्विंग शिकवण्याचा इतिहास

ताज्या भागाचं हे लिखित रूप. या भागात कोन, प्रतलं आणि लंबक बरेच येतात. नुसतं ऐकून ते डोळ्यांसमोर आणणं जरा जड जातं, म्हणून हा भाग निवांत वाचायला इथे देतोय. बोलताना सुटलेले एकदोन मुद्देही भरलेत.

विषय आहे गोल्फचा स्विंग. गोल्फ म्हटलं की आपल्याकडे लगेच श्रीमंतांचा खेळ, जमीन, पाणी वगैरे चर्चा सुरू होते. ती महत्त्वाची आहे, पण तिच्यासाठी वेगळा भाग लागेल. आजचा प्रश्न साधा आहे. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर निपचित पडलेला असतो. कुणी यॉर्कर टाकत नाही, कुणी फिरकी टाकत नाही, मारायची घाईसुद्धा नसते. मग तो सरळ मारणं इतकं अवघड का? आणि तो नेमका कसा मारायचा हे नीट सांगायला हुशार माणसांना शंभराहून जास्त वर्षं का लागली?

आधी थोडे आकडे घेऊ, म्हणजे अडचण कळेल. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा. चांगल्या खेळाडूच्या क्लबचं टोक, म्हणजे क्लबहेड, चेंडूवर येतं तेव्हा त्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास असतो. दोघांची गाठभेट होते सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्या वेळात क्लबहेड दोनेक सेंटिमीटर पुढे जातं, आणि चेंडूचं सगळं भवितव्य तिथेच ठरून जातं. निघतानाची दिशा एका अंशाने चुकली, तर २०० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो.

आणि खरी गोम पुढे आहे. वर नेलेला क्लब खाली येऊन चेंडूला लागेपर्यंत फक्त पाव सेकंद जातो. काहीतरी चुकतंय हे जाणवून हात दुरुस्त करायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे खाली येताना दुरुस्ती जवळजवळ अशक्यच. प्रोग्रॅम एकदा रन केला की मध्ये ब्रेकपॉइंट टाकता येत नाही. जे काही शिकायचं, ते आधीच शिकून ठेवावं लागतं.

प्रोफेसर टेट आणि चेंडूला बांधलेली फीत

या प्रश्नाला पहिल्यांदा गंभीरपणे हात घालणाऱ्यांत एडिनबरा विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट होते. त्यांना सेंट अँड्रूजच्या मैदानाचं भारी वेड. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट तर १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धा जिंकला. म्हणजे घरातच प्रयोगशाळा आणि घरातच खेळाडू.

टेट यांना एक हिशोब जुळत नव्हता. चेंडूचा वेग आणि कोन धरून तो हवेत किती वेळ राहावा हे काढलं, तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा फारच कमी यायचं. खरा चेंडू कितीतरी जास्त वेळ तरंगायचा. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. चेंडूला लांब फीत बांधायची, जवळूनच चिकणमातीच्या लक्ष्यात चेंडू मारायचा, आणि फितीला किती पीळ पडले ते मोजायचं. पीळ मोजले की चेंडू किती वेळा फिरला ते कळतं.

उत्तर निघालं ते उलट्या फिरकीचं. क्लबच्या तिरक्या तोंडामुळे चेंडू मागच्या बाजूला फिरत जातो आणि हवा त्याला वर उचलून धरते. फिरणारा चेंडू हवेत वळतो हे न्यूटनने टेनिसच्या चेंडूबाबत १६७२ सालीच नोंदवलं होतं. टेट यांनी ते गोल्फमध्ये मोजून दाखवलं. चेंडूला फिरकी मिळणं म्हणजे फटका बिघडणं, असं तोवरचे खेळाडू मानायचे. मोजल्यावर दिसलं की चांगल्या फटक्याचा जीव त्या फिरकीतच आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली, कारण पुढच्या सगळ्या इतिहासात हाच प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. खेळाडू मनापासून एक सांगतो आणि मोजपट्टी दुसरंच.

काठी बदलली, स्विंग बदलला

त्या काळातला सगळ्यांत मोठा खेळाडू हॅरी व्हार्डन. ब्रिटिश ओपन त्याने सहा वेळा जिंकली, १८९६ ते १९१४ या काळात. क्लब धरताना उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर चढवायची ती पकड आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. तेव्हा क्लबची दांडी हिकरीच्या लाकडाची असायची. लाकडी दांडी नुसती वाकत नाही, स्वतःभोवती पिळतेसुद्धा. त्यामुळे मनगटं आणि हात वापरून तो पीळ सांभाळत खेळावं लागायचं. त्या काळातला ‘योग्य स्विंग’ म्हणजे खरं तर त्या लाकडाशी केलेली तडजोड होती.

अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली पोलादी दांडीला परवानगी मिळाली. पोलाद फारसं पिळत नाही. मग बायरन नेल्सनसारख्या खेळाडूंनी हातांची कसरत कमी करून पाय आणि कंबर जास्त वापरायला सुरुवात केली. याच नेल्सनने १९४५ साली लागोपाठ ११ स्पर्धा जिंकल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर बदललं आणि जुनं मॅन्युअल कालबाह्य झालं. तरी जुन्या मॅन्युअलमधली वाक्यं पुढे कितीतरी वर्षं शिकवली जात राहिली.

रुमाल आणि चाकू

आता माझा या गोष्टीतला सगळ्यांत आवडता माणूस, अर्नेस्ट जोन्स. हा इंग्लिश व्यावसायिक खेळाडू. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समध्ये जखमी झाला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हाचं शिक्षण म्हणजे वजन या पायावरून त्या पायावर कसं न्यायचं, कंबर कशी फिरवायची, याच्या लांबलचक याद्या. त्या यादीप्रमाणे जोन्सचं खेळणं संपायला हवं होतं. पण त्याच वर्षी तो एका पायावर उभा राहून एक पूर्ण राउंड ८३ फटक्यांत खेळला. दोन धडधाकट पायांच्या बहुतेक हौशी खेळाडूंना हा आकडा आयुष्यभर गाठता येत नाही!

यातून त्याने निष्कर्ष काढला की शरीराच्या अवयवांची यादी हे कारण नसून परिणाम असावा. कारण आहे क्लबहेडचं झुलणं. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने आयुष्यभर हेच शिकवलं. त्यासाठी त्याचं साधन काय, तर एक रुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. हे तुम्ही किल्ल्यांचा जुडगा बांधून करून बघा. रुमाल झुलवला की किल्ल्या छान कमानीत फिरतात. हिसका दिला की कापड लगेच सैल पडतं. कापडातून ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. जोन्स एका हातात रुमाल धरायचा, दुसऱ्या हातात क्लब, आणि दोन्ही एकत्र झुलवायचा. दोघांची चाल जुळली की तो स्विंग.

त्याच्याकडे समीकरणं नव्हती, कॅमेरा नव्हता. पण त्याच्या रुमालात बरीचशी मेकॅनिक्स गुंडाळलेली होती.

काचेचं प्रतल

कॅमेरा आला तो एमआयटीचे हॅरोल्ड एजर्टन यांच्याकडून. अंधारात भराभर लुकलुकणारा दिवा लावून एकाच फ्रेमवर स्विंगच्या डझनावारी प्रतिमा टिपायच्या, असं त्यांचं तंत्र. १९३८च्या सुमाराला त्यांनी बॉबी जोन्ससारख्या दिग्गजांचे स्विंग असे टिपले. त्या फोटोंत क्लब पंख्यासारखा उलगडलेला दिसतो. दोन प्रतिमांमधलं अंतर जास्त, तिथे वेग जास्त. डोळ्यांना कधीच न दिसलेली गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली.

मग १९५७ साली आलं बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’. होगनची कथा आधीच दंतकथा झाली होती. १९४९ साली त्याच्या गाडीला बसने समोरून धडक दिली, तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती, आणि पुढच्याच वर्षी तो यूएस ओपन जिंकला. अशा माणसाने पुस्तक लिहिलं की लोक ते पोथीसारखं वाचणारच. त्यात अँथनी रॅव्हिएली यांनी काढलेलं एक चित्र आहे. खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेली, खाली चेंडूपर्यंत उतरणारी मोठी तिरकी काच, आणि तिच्या भोकातून बाहेर आलेलं खेळाडूचं डोकं. क्लब वर नेताना ही काच फोडायची नाही. खाली येताना प्रतल किंचित कलतं, असंही होगनने सांगितलं.

भूमिती म्हणून हे चित्र अफलातून आहे. त्रिमितीतली गुंतागुंतीची हालचाल एका सपाट प्रतलावर आणून ठेवली. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. होगनला उमेदीच्या काळात छळणारा दोष होता हूक, म्हणजे चेंडू जोरात डावीकडे वळणं. त्याची पकड, त्याचे मनगटाचे बारकावे हे बरेचसे त्या दुखण्यावरचे उपाय. सर्वसाधारण शिकाऊ उजव्या हाताच्या खेळाडूचं दुखणं मात्र नेमकं उलटं, चेंडू उजवीकडे वळतो, ज्याला स्लाइस म्हणतात. म्हणजे एका रोग्याने आपलं प्रिस्क्रिप्शन छापलं आणि उलट्या रोगाच्या लाखो लोकांनी तेच औषध घेतलं. पुस्तक खोटं नव्हतं. ते एका माणसाचं खरं होतं.

दोन लंबक

१९६८ साली ब्रिटनमध्ये ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक आलं. लेखक ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज. गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनने शास्त्रज्ञांचा एक गट कामाला लावला होता, त्याचं हे फलित. त्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला : स्विंगचं सगळ्यांत साधं मॉडेल कोणतं?

उत्तर होतं, दुहेरी लंबक. वरचा लंबक म्हणजे खांदे आणि हात, खालचा म्हणजे क्लब, आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. इंजिनिअरिंगला हे गणित केलेल्यांना आठवत असेल. यातली गंमत खालच्या लंबकाच्या उशिरात आहे. सुरुवातीला क्लब मनगटात मुडपलेला राहतो आणि हातांच्या मागे फरफटत येतो. मग केंद्रापासून बाहेर फेकलं जाण्याच्या ओढीने तो उलगडतो. उलगडताना हातांचा वेग कमी होतो आणि ती ऊर्जा क्लबहेडमध्ये जाते. पोतराजाचा आसूड आठवा. हात थबकतो आणि टोक कडाडतं. तोच हिशोब.

आता शिक्षकाच्या जागी उभं राहून बघा. ‘चेंडूवर हात जोरात आण’ हा सल्ला ऐकायला किती बरोबर वाटतो! पण चांगल्या स्विंगमध्ये चेंडूजवळ हात मंदावत असतात. खेळाडूला मात्र आतून वाटतं की आपण हात जोरात मारतोय. तो खोटं बोलत नाही, त्याला तसंच जाणवतं. पाव सेकंदात शरीरात काय घडलं याचा रिपोर्ट शरीर प्रामाणिकपणे देतं आणि तो चुकीचा असतो.

झाडाला वळसा

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे चेंडूच्या दिशेचा नियम. चेंडू कुठे जाणार हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. एक, क्लबहेड कोणत्या दिशेने चाललंय, म्हणजे मार्ग. दोन, क्लबचं तोंड कोणीकडे आहे. विसाव्या शतकात पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं की चेंडू मार्गाच्या दिशेने निघतो आणि मग तोंडाच्या दिशेला वळतो.

हे जवळजवळ उलटं आहे. अर्ध्या मिलिसेकंदात चेंडूला मार्गाबरोबर चालायला वेळच कुठे मिळतो? तो तोंडावर दबतो आणि मुख्यतः तोंडाच्या दिशेने सुटतो. निघण्याच्या दिशेतला तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त वाटा तोंडाचा. आणि तोंड व मार्ग यांत जो फरक पडतो, त्यामुळे फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू मार्गापासून दूर वळतो.

फरक नुसता पुस्तकी नाही. समजा तुमच्या आणि झेंड्याच्या मधोमध झाड आहे, आणि चेंडू उजवीकडून काढून डावीकडे वळवायचाय. जुना सल्ला : तोंड झेंड्याकडे ठेवा, स्विंग झाडाच्या उजवीकडे करा. तंतोतंत पाळलात तर चेंडू जवळपास झेंड्याच्या रोखाने निघतो आणि थेट झाडात शिरतो. मग हा सल्ला देणारे चॅम्पियन स्वतः तो फटका कसे मारत होते? चेंडूला लागण्याच्या क्षणी त्यांचे हात तोंड आपोआप थोडं उजवीकडे ठेवत होते. त्यांनी हातांना शिकवलं एक आणि शब्दांत सांगितलं दुसरं. शिष्य बिचारा शब्द पाळायचा, झाडात मारायचा आणि स्वतःलाच दोष द्यायचा.

तोंडाचा हा वाटा १९६८च्या त्या पुस्तकात मांडलेला होता. १९९४ साली थिओडोर जॉर्गन्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ‘द फिजिक्स ऑफ गोल्फ’मध्ये ही भूमिती आणखी नीट बांधून दिली. तरी शिकवण्यात फरक पडला तो डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी रडारची यंत्रं सरावाच्या मैदानावर पोचल्यावर. ट्रॅकमॅन कंपनी सुरू झाली २००३ साली. बरोबर उत्तर छापलेलं असताना चुकीचं उत्तर इतकी वर्षं का टिकलं? मला वाटतं, कारण सोपं आहे. एका बाजूला कपाटातलं पुस्तक होतं आणि दुसऱ्या बाजूला हातात कप घेतलेला चॅम्पियन. रडारने प्रत्येक फटक्याचा लॉग समोर ठेवला, तेव्हा वाद मिटला.

चोवीस भागांचं यंत्र

मग बरोबर भूमिती कळली की शिकणं सोपं होतं का? इथे होमर केली यांची गोष्ट महत्त्वाची आहे. सिएटलचा हा गृहस्थ, बोइंगमध्ये काम केलेला. गोल्फ शिकल्यावर पहिला राउंड ११६चा झाला आणि सहा महिन्यांनी एकदम ७७चा. असं का झालं हे कुठल्याच शिक्षकाला सांगता येईना. या एका ‘का’मागे त्याने जवळपास तीस वर्षं घालवली आणि १९६९ साली ‘द गोल्फिंग मशीन’ हे पुस्तक स्वतःच छापलं. स्विंगचे २४ घटक, प्रत्येकाचे अनेक प्रकार, सगळं क्रमांक देऊन. वाचताना एखाद्या यंत्राचं स्पेसिफिकेशन वाचतोय असंच वाटतं.

या पद्धतीत घडलेला बॉबी क्लॅम्पेट १९८२च्या ब्रिटिश ओपनमध्ये दोन दिवसांनंतर पाच फटक्यांनी पुढे होता. तिसऱ्या दिवशी एका होलवर त्याला आठ फटके लागले, दिवसाचा स्कोअर ७८ झाला, आणि स्पर्धा टॉम वॉटसनने जिंकली. लगेच टीका सुरू झाली की पोराच्या डोक्यात भूमिती फार भरली. पण एका वाईट दिवसावरून सिद्धान्त खोटा ठरत नाही. तेच पुस्तक पुढे ब्रायसन डीशॅम्बोच्या हाती आलं. हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने आपले सगळे आयर्न क्लब एकाच लांबीचे करून घेतले, म्हणजे प्रत्येक क्लबसाठी वेगळं प्रतल नको. तो २०२० आणि २०२४ साली यूएस ओपन जिंकला.

माझ्या मते दोघांतला बोध असा : डीशॅम्बोने भूमितीचा उपयोग स्विंगच्या आधी केला. पाव सेकंदात सांभाळायच्या गोष्टी त्याने आधीच कमी करून टाकल्या. भूमिती सरावाच्या मैदानावर, क्लब बनवताना, फटका तपासताना कामाला येते. पाव सेकंदाच्या आत तिला जागाच नाही.

शरीर काय ऐकतं?

१९९९ साली गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांवर एक प्रयोग केला. एका गटाला सांगितलं, फटका मारताना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, क्लबच्या झुलण्याकडे लक्ष द्या. दुसऱ्या गटाचे फटके जास्त अचूक निघाले. हा जवळजवळ अर्नेस्ट जोन्सचा रुमालच झाला, फक्त आता आकड्यांसकट.

आपल्या देशातही याचे दाखले आहेत. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना मानला जाणारा. तिथल्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा, शिव शंकर प्रसाद चौरासिया, बघून बघून खेळ शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने हीच स्पर्धा १९९१ साली जिंकली होती. त्यांच्याकडे पोथी नव्हती. डोळ्यांसमोर चांगले-वाईट हजारो फटके होते आणि प्रत्येक फटक्याचा निकाल समोर पडत होता.

म्हणून शास्त्र निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. झाडात शिरणाऱ्या चेंडूंचा दोष शिष्याच्या माथ्यावरून उतरवला तो शास्त्रानेच. पण चेंडू कसा उडतो आणि माणूस कसा शिकतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर यंत्राला विचारावं, चॅम्पियनला नाही. दुसऱ्यासाठी असा शिक्षक लागतो जो पहिलं उत्तर जाणतो आणि तरी तुम्हाला एका वेळी एकच गोष्ट सांगतो.

तेव्हा गोल्फ असो, पोहणं असो की तबला, पुढच्या वेळी कोणी छातीठोकपणे ‘असं कर’ म्हणालं की मनात दोन प्रश्न विचारा. हे मोजून कळलंय की नुसतं जाणवलंय? आणि हे खरं असलं, तरी करायच्या क्षणी माझ्या कामाचं आहे का?

आजच्यापुरतं इतकंच. रुमालाला किल्ल्या बांधून बघाच, फक्त टीव्हीपासून लांब उभे राहा. भेटू पुढच्या भागात!